वर उभं राहायचं काम

माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावात कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. पाचोऱ्याकडचं माझं माहेर, कापसाचं आणि मोसंबीचं. मुलगा तेलाच्या जहाजावर पंपमन आहे असं कळल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला एकच प्रश्न विचारला : "पंपमन? मंग आम्हना विहीरवरना पंप दुरुस्त करता येस का?" मुलगा "येतो" म्हणाला आणि लग्न ठरलं. बाकीची चौकशी आईने रीतसर केली, पण निकाल पंपावरच लागला होता.

मी लग्न होऊन धुळ्याला आले, देवपुरात. तिथे एका प्राथमिक शाळेत शिकवायला लागले. आमचे हे सात-आठ महिने जहाजावर असत आणि दोन-तीन महिने घरी. शेजारणी हळहळायच्या, "कसं गं होत असेल तुझं एकटीचं?" त्यांना काय सांगणार? एकटी असताना माझं उत्तम चालायचं. हे घरी आले की खरी पंचाईत सुरू व्हायची. माणूस अगदी देवमाणूस, पण जहाजावरचे सगळे नियम बॅगेतून घरी आणायचा. गॅसची शेगडी पेटवण्याआधी नळी हुंगायची. जिन्याच्या कठड्याला दोर बांधून मला गाठी शिकवायच्या. एक गाठ तर माझ्याकडून दीडशे वेळा घोटून घेतली असेल, कितीही ओझं आलं तरी न घसरणारी आणि अंगाभोवती न आवळणारी. "मला काय म्हशी बांधायच्या आहेत?" असं मी एकदा चिडून विचारलं. "माणूस बांधायला लागते," हे शांतपणे म्हणाले.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला हे माझ्याबरोबर माहेरी आले. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकींचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, चार दिवस कोणाचं काही ऐकत नाहीत. जेवताना आबांनी जावयाला जहाजाबद्दल विचारलं आणि ह्यांची कळी खुलली. एरवी चार शब्दांत दिवस काढणारा माणूस, पण टाक्यांचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही.

ह्यांनी सांगितलं ते असं. जहाजातली एकेक टाकी एवढी मोठी की तिच्यात आमच्या शाळेची इमारत मावेल. तेलाची वाफ टाकीत साठते. वाफ, हवा आणि ठिणगी, ही तिघं एकत्र आली की जहाज फुटलंच. वाफ थांबवता येत नाही आणि ठिणगीचा भरवसा देता येत नाही. मग उरली हवा, तर हवाच काढून घ्यायची. त्यासाठी बॉयलरचा धूर पाण्याने धुवायचा, थंड करायचा आणि टाकीत भरून ठेवायचा. त्या धुरात प्राणवायू जवळजवळ नसतोच, त्यामुळे काही पेटत नाही.

"धूर धुतस?" आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "व माय! आम्ही कपडा धुतस नि ह्या लोके धूर धुतस!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. हेही हसले. आबा मात्र विचारात पडले होते. शेतकरी माणूस, त्यांनी नेमकं विचारलं, "मंग टाकी साफ कराले माणूस कसा उतरस?"

"तिथेच तर खरी मेख आहे, आबा," हे म्हणाले. जो धूर जहाज वाचवतो तोच माणसाला मारतो. दोन-चार श्वास घेतले की माणूस खाली, ओरडायलाही वेळ मिळत नाही. म्हणून आधी पंखे लावून टाकीत तासन्‌तास चांगली हवा भरायची. मग हवा मोजणारं मीटर खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी तपासायचं. प्राणवायू पुरेसा आहे का ते पाहायचं आणि विषारी वायू उरलाय का तेही पाहायचं. मग कागदावर सही. मग माणूस उतरतो, आणि तो बाहेर येईपर्यंत दुसरा एक माणूस टाकीच्या तोंडाशी उभा राहतो.

"त्यानं काय काम?"

"उभं राहायचं. आतल्याशी बोलत राहायचं. काही झालं तर घंटा वाजवायची. पण स्वतः उतरायचं नाही."

"उभा ऱ्हावाना पगार!" आबांनी मांडीवर थाप मारली. "तुमना सायेबले सांगा, माले लावी द्या!"

आबांचं स्वतःचं शास्त्र वेगळं होतं. उन्हाळ्यात विहिरीत उतरायचं तर आधी पेटता कंदील दोराने सोडायचा. विझला तर लिंबाचा मोठा डहाळा वरखाली ओढून हवा हलवायची. जळत राहिला तर खुशाल उतरायचं. त्यांच्या आज्यापासून असंच चालत आलेलं होतं. ह्यांनी कंदिलाचं कौतुक केलं. मग हळूच म्हणाले, "पण आबा, कंदील फक्त प्राणवायूचं सांगतो. इंजिनच्या धुरात अजून एक विष असतं. त्याला ना रंग ना वास. त्यात कंदील जळत राहतो आणि माणूस विझतो."

आबांनी "असं व्हय" म्हटलं आणि वरणाची वाटी पुढे केली. म्हणजे विषय संपला. कंदिलाबद्दल जावयाकडून ऐकून घेणारे आमचे आबा नव्हते.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. देवपुरातल्या आमच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद होता. पांझरा नदीला पाणी नसलं की नळालाही नसायचं, तेव्हा हौदावरच सगळी भिस्त. ह्यांनी तो धुवायचा ठरवला. दुसरा कोणी असता तर झाकण काढून उतरला असता. ह्यांनी आदल्या दिवशी झाकण काढलं, तोंडाशी टेबलफॅन बांधून रात्रभर चालू ठेवला, सकाळी कमरेला दोर बांधला आणि मला हौदाच्या तोंडाशी उभं केलं. साडेदहाची माझी शाळा. गल्लीतली चिल्लीपिल्ली गोळा झालेली. गच्चीवरून शेजारीण विचारतेय, "बाई, आज काय, हौदाची पूजा का?" माझा पारा चढत चाललेला.

"मी काय करू इथे उभी राहून?"

"काही नाही. फक्त उभी राहा."

"आणि तुम्हाला काही झालं तर? मारू उडी?"

मी चेष्टेत म्हटलं होतं. हे अर्धे हौदात उतरलेले होते, ते झटक्यात वर आले. आमच्या सगळ्या संसारात हा माणूस माझ्यावर एकदाच ओरडला, तो त्या दिवशी. "नाही! तू उतरायचं नाही! ओरडायचं, दोर ओढायचा, माणसं बोलवायची, पण उतरायचं नाही. शपथ घे माझी."

"अहो, जेमतेम पुरुषभर हौद आहे..."

"शपथ घे."

ह्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेनात. मी शपथ घेतली, पण मनातून असा राग आला की काय सांगू. गल्लीसमोर तमाशा! आणि कुठली बायको नवऱ्याला मरताना वर उभी राहून पाहील? तसं मी नंतर म्हटलंही. हे एवढंच बोलले, "जिवंत राहणारी." शाळेला मला वीस मिनिटं उशीर झाला आणि हेडमास्तरीणबाईंना कारण सांगताना लाज वाटली ती वेगळीच.

सुट्टी संपली, हे जहाजावर गेले, हिवाळ्याच्या शेवटी येऊन पुन्हा गेले. पुढच्या आखाजीला मी एकटीच एसटीने पारोळ्याला आणि तिथून गाडी बदलून माहेरी गेले. त्या वर्षी उन्हाळा फार कडक होता. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की वरून इंजिन ते ओढेना. म्हणून आबांनी विहिरीच्या पोटात, पाण्यापासून थोडं वर, खडक फोडून एक ओटा केला आणि डिझेल इंजिन त्याच्यावर उतरवलं. धूर बाहेर जावा म्हणून लांब पाइप वरपर्यंत आणला होता. आमच्या भागात तेव्हा बऱ्याच विहिरींत असंच असायचं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

सणाच्या दुसऱ्या दिवशी मी शेतावर भाकरी घेऊन गेले. सकाळपासून चाललेलं इंजिन आचके देऊन नुकतंच बंद पडलं होतं. आबा उतरायच्या तयारीत होते. धाकटा भाऊ, तेव्हा असेल बाविसेक वर्षांचा, कंदील सोडत होता. मी वाकून पाहिलं. कंदील ओट्यापर्यंत गेला. ज्योत बारीक झाली, पण विझली नाही.

"जळस ना? मंग झायं," आबा म्हणाले.

मला ते बारीक होणं आवडलं नाही. ह्यांचं बोलणं डोक्यात वळवळायला लागलं. मी म्हटलं, "आबा, जरा थांबा. इंजिन सकाळपासून चाललंय. तासभर डहाळा हलवू या."

"मोसंबी वाळी चालनी, नि तू तासभर म्हनस!"

"मग निदान दोर बांधा."

"मी काय म्हैस शे का, दावं बांधाले?"

माझा स्वभाव आबांवर गेलाय, असं आई म्हणते. मी भाकरीचं गाठोडं तिथेच ठेवलं आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. म्हटलं, दोर नाही तर मी इथून हलायची नाही, आणि जेवायचीसुद्धा नाही. सणाला माहेरी आलेली लेक उपाशी! ह्याच्यापुढे आबांचं काय चालणार? "बांध, माय, बांध," ते हात वर करून उभे राहिले. "तुन्हा नवरानी मालेबी जहाजवर चढाई दिनं." मी जाड दोर घेतला, त्यांच्या काखेखालून फिरवला आणि जिन्याच्या कठड्यावर घोटलेली गाठ मारली. जुन्या मोटेचं चाक अजून विहिरीवर होतं, त्याच्यावरून दोर घेतला आणि टोक भावाच्या हातात दिलं. भाऊ माझ्याकडे पाहून हसत होता. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मलाही ते थोडं नाटकच वाटत होतं.

आबा विहिरीच्या भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्यांवरून खाली गेले. ओट्यावर पोचल्यावर त्यांनी काहीतरी म्हटलं, बहुतेक पाइपाबद्दल. पाइपाचा सांधा इंजिनच्या हादऱ्यांनी निसटला होता आणि सकाळभरचा सगळा धूर विहिरीतच कोंडला होता, हे आम्हाला नंतर कळलं. मी विचारलं, "काय म्हणालात, आबा?" उत्तर आलं नाही. वाकून पाहिलं तर आबा ओट्यावर गुडघ्यांवर बसलेले, आणि मग हळूच आडवे झाले. कंदील शेजारी जळतच होता.

भाऊ किंचाळला. दोर माझ्या हातात कोंबून तो कड्यांकडे धावला. मी दोर चाकाच्या खांबाला वेढा देऊन अडकवला आणि त्याच्या आधी कड्यांशी जाऊन पोचले. कशी पोचले मला माहीत नाही. वाट अडवून उभी राहिले.

"सरक, अक्का!"

"उतरायचं नाही. दोर ओढ."

"तो मना बाप शे!"

"माझाही आहे!" आणि मी त्याच्या मुस्कटात मारली. लहानपणी मी त्याला कडेवर घेऊन हिंडले होते, कधी बोट लावलं नव्हतं. मी ओरडले, "तू खाली गेलास तर दोघांना मी एकटी कशी ओढू? दोर धर!"

त्याने दोर धरला. माझ्या हाकांनी शेजारच्या शेतातले दोघे धावत आले, त्यांनीही धरला. आबा ओट्यावरून उचलले गेले आणि विहिरीत आडव्या गेलेल्या पाण्याच्या नळाखाली अडकले. आता शेजारी म्हणायला लागले, "एकजण उतरून सोडवतो." भाऊ पुन्हा कड्यांकडे निघाला. आणि मी पुन्हा आडवी. माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर दोराला लोंबकळत होते, मान एका बाजूला पडलेली, आणि मी माणसांना त्यांच्याकडे जाऊ देत नव्हते. त्या क्षणी मला स्वतःचीच किळस आली होती. ह्यांनी शपथ घातली नसती तर मीच उतरले असते, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

"सैल सोडा, ओट्यावर टेकू द्या," मी म्हटलं. "दोर चाकावरून काढा आणि समोरच्या काठावर चला. तिकडून ओढू." आम्ही चौघांनी विहिरीला अर्धा वळसा घातला. तिकडून ओढल्यावर आबा नळाच्या बाजूने मोकळे झाले आणि वर यायला लागले. किती वेळ लागला? शेजारी म्हणाले पाच मिनिटं. मला विचाराल तर अख्खी आखाजी.

लिंबाखाली निजवलं तेव्हा आबा श्वास घेत होते, अगदी तुटक. ट्रॅक्टरमध्ये घालून पाचोऱ्याला नेलं, दवाखान्यात नळीने प्राणवायू दिला. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "इंजिन चालू व्हयनं का?" आई रडत रडत त्यांना शिव्या देत होती.

आबा वाचले, पण माझं माहेर थोडं आंबलं. भाऊ माझ्याशी बोलेना. मुस्कटात मारल्याचा राग नव्हता तो. बाप खाली पडलेला असताना लेकाने उडी मारू नये, ह्याच्याएवढी दुसरी नामुष्की आमच्या गावात नाही, आणि ती मी त्याच्या कपाळी लिहिली होती. पाराजवळ लोक बोलायचे ते माझ्यापर्यंत यायचं : शिकलेली पोर, दगडाच्या काळजाची, बापाला लोंबकळताना पाहत उभी राहिली. मी धुळ्याला परत आले आणि जहाजावर पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, अगदी किळस आली तेसुद्धा. ह्यांचं उत्तर आलं दीड महिन्याने, एकाच ओळीचं : "मी येतो, मग बोलू." मी पत्र चुरगाळून फेकलं. एवढं पान भरून लिहिलं आणि ह्यांची शाई एका ओळीत संपली!

हे आले ते थंडीत. धुळ्याला एक दिवस थांबून आम्ही माहेरी गेलो. आईने भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. भाऊ वाढत होता, माझं ताट सोडून सगळ्यांची विचारपूस करत. निम्मं जेवण झाल्यावर ह्यांनी हात थांबवला आणि ताटाकडे पाहत बोलायला सुरुवात केली.

लग्नाच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दुसऱ्या एका जहाजावर ह्यांच्याच खोलीत राहणारा एक मुलगा टाकीत उतरला होता. मीटरने वरची हवा तपासली होती, तळाची राहून गेली होती. हे तोंडाशी उभे होते. तो तळाशी पोचला, ह्यांच्याकडे पाहून हात हलवला आणि पडला. ह्यांनी घंटा वाजवली. पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून माणसं येईपर्यंत हे तिथेच उभे राहिले, नियमाप्रमाणे. त्याला वर काढलं तेव्हा उशीर झालेला होता.

"त्याची पेटी घेऊन त्याच्या घरी मीच गेलो होतो," हे म्हणाले. "त्याच्या आईने विचारलं, 'तू कुठे होतास रे तेव्हा?' मी म्हटलं, वर. तिने दार लोटून घेतलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुझं पत्र आलं. काय लिहू ते सुचेना. तू बरोबर केलंस, असं लिहिणार होतो. पण मी बरोबर केलं का, हेच मला इतकी वर्षं कोणी सांगितलेलं नाही."

हौदाशी माझं मनगट न सोडणारे हात मला आठवले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ भाकरीची टोपली धरून तसाच उभा होता.

आबांनी पाण्याचा घोट घेतला. "जवाईबुवा," ते म्हणाले, "वरना लोकेस्ले काय ईचारतस? माले ईचारा. मी खाले व्हतू." भावाकडे बोट करून, आठवत आठवत बोलले, "पाय गयात, हात गयात, पन कानले ऐकू ये. वर मन्हा आंडोर वरडी राहिंता. मी तव्हा देवले एकच मांगं. मना जीव ऱ्हावो का जावो, पन हाऊ खाले नको येवाले." मग त्यांनी आपला डावा हात ह्यांच्या पाठीवर ठेवला. "त्या पोऱ्यानीबी हाईच मांगं व्हई. तुमीन बराबर करं."

आमचे हे ताटावरच रडले, लहान मुलासारखे, आवाज करून. आबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी पदर तोंडात कोंबून बसले होते. भाऊ टोपली घेऊन पंगतीच्या टोकापासून चालत माझ्यासमोर आला आणि खाली बसला. आखाजीपासून त्याने माझ्याशी एक शब्द काढला नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "भाकर वाढू का?"